जर्मन क्रियापदांची ती मागच्या पानावरची यादी: पाठ करण्याआधी मोडा आणि नव्याने लावा

जर्मनचं कुठलंही पुस्तक घ्या, शेवटी एक तक्ता असतोच, तीन रकाने, मूळ रूप, भूतकाळ आणि पार्टिसिप (इंग्रजीतलं संग, गॉन सारखं तिसरं रूप), बाकेनपासून सुरू होतो आणि त्स्विंगेनला संपतो, मधे दोनशेच्या आतबाहेर क्रियापदं, सगळी एबीसीडीच्या क्रमाने. आणि वर्गात सांगतात की पाठ करून या. पुण्यात मॅक्सम्युलर भवन असो, रानडे इन्स्टिट्यूट असो की गल्लीतला क्लास, ए-टूच्या (म्हणजे दुसऱ्या पातळीच्या, पुढची बी-वन) आसपास सगळ्यांची गाडी इथेच अडते.

माझं म्हणणं एवढंच आहे की यादी वाईट नाही, तिचा क्रम वाईट आहे. वर्णक्रम म्हणजे स्वयंपाकघरात कढईशेजारी कपबशी ठेवायची कारण दोन्ही 'क' वरून. ही क्रियापदं स्वरांच्या सात चालींनी चालतात, त्या चाली कमीत कमी दोन हजार वर्षं जुन्या आहेत, इंग्रजीत अजून दिसतात, डच-स्वीडिशमधे दिसतात, आणि संस्कृतशी तर त्यांचं थेट रक्ताचं नातं आहे. यादी त्या चालींप्रमाणे लावली की पाठांतर निम्म्याहून कमी होतं. कसं लावायचं ते खाली सविस्तर सांगतो.

(उच्चार देवनागरीत ढोबळ लिहितोय, शेवटचा 'एन' प्रत्यक्षात हलका असतो. स्पेलिंग पुस्तकात बघाच, कारण बऱ्याच खुणा स्पेलिंगमधेच आहेत.)

आधी स्ट्राँग कोण, वीक कोण

ही नावं याकोब ग्रिमने दिली, हो तोच, भावाबरोबर परीकथा गोळा करणारा. १८१९ मधे त्याच्या जर्मन व्याकरणाचा पहिला भाग आला त्यात. जे क्रियापद बाहेरून प्रत्यय न घेता आतला स्वर बदलून भूतकाळ करतं ते स्ट्राँग, झिंगेन – झांग – गेझुंगेन. ज्याला शेवटी 'टे' जोडावा लागतो ते वीक, माखेन – माख्टे – गेमाख्ट. इंग्रजीत सिंग-सँग-संग आणि लव्ह-लव्ह्ड, तीच गोष्ट.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण पार्टिसिपच्या शेपटीत आहे. शेवटी 'एन' असेल तर स्ट्राँग, 'टी' असेल तर वीक. गेश्रीबेन, गेफारेन, गेनोमेन स्ट्राँग. गेकाउफ्ट, गेलेर्न्ट, गेझाग्ट वीक. ड्यूडेनच्या ऑनलाइन शब्दकोशात तर प्रत्येक क्रियापदापुढे स्ट्राँग की वीक ते लिहिलेलंच असतं, शंका आली की तिथे बघायचं.

इथे एक गोंधळ लगेच मोडून टाकू. इर्रेग्युलर म्हणजे स्ट्राँग नाही. इंग्रजीत ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, बाय-बॉट, कीप-केप्ट ही सगळी शाळेच्या इर्रेग्युलर यादीत असतात, पण शेवटी तो 'टी' आहे ना, म्हणजे ही वीकच, फक्त जुन्या काळात घासली गेलेली. जर्मनमधेही ब्रिंगेन – ब्राख्टे – गेब्राख्ट आणि डेंकेन – डाख्टे – गेडाख्ट. यांना पुस्तकात मिश्र म्हणतात. ती मोजकीच आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ.

पार्टिसिप पहिलं, भूतकाळ नंतर

बरेच जण तिन्ही रकाने एकदम घोकतात, ते करू नका. बोलण्यात जर्मन माणूस झालेली गोष्ट बहुतेक वेळा हाबेन (इंग्रजीतलं हॅव) किंवा झाइन (बी) लावून पार्टिसिपने सांगतो, इश हाबे गेगेसेन, इश बिन गेफारेन. साधा भूतकाळ हा मुख्यतः लिहिण्याचा, बातम्यांचा, गोष्टीचा. दक्षिणेकडे तर हे आणखी पक्कं आहे, म्हणजे बायर्न, बाडेन-व्युर्टेम्बर्ग, ऑस्ट्रिया, तिथे बोलताना साधा भूतकाळ जवळजवळ गेलाच आहे, वार (होतं), हाटे (हॅड) आणि कॅन-मस्ट सारखी मोडाल क्रियापदं सोडली तर. स्विस जर्मन बोलीत तर वार सुद्धा नाही. २०२४ मधे महाराष्ट्र सरकारचा मनुष्यबळासाठी करार झाला तो नेमका बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे जे त्या वाटेने जायची तयारी करतायत त्यांनी तर पार्टिसिपवरच जोर द्यावा आणि मधला रकाना बी-वनला वाचनाबरोबर येऊ द्यावा.

पण गट लावताना तिन्ही रूपं डोळ्यासमोर हवीत, कारण चाल तीन पावलांची आहे.

आता यादी मोडा: सात गट

एक वही घ्या, सात पानं, प्रत्येक पानावर वर चाल लिहा, आणि मागच्या तक्त्यातलं एकेक क्रियापद उचलून त्याच्या पानावर टाका. हे काम स्वतःच्या हाताने करा, तयार गट इंटरनेटवर मिळतात पण टाकता टाकताच अर्धं डोक्यात बसतं.

पहिला गट, मूळ रूपात 'ई-आय' म्हणजे 'आय' असा उच्चार. पुढे इ, इ. रायटेन – रिट – गेरिटेन, श्रायबेन – श्रीब – गेश्रीबेन. ऱ्हस्व की दीर्घ हेही कळतं. पुढचं व्यंजन कठोर असेल, टी, एफ, सी-एच, एस-झेट (डबल एसचं जर्मन अक्षर), तर ऱ्हस्व: ग्रायफेन – ग्रिफ, फेरग्लायखेन – फेरग्लिख, बायसेन – बिस, श्ट्रायटेन – श्ट्रिट. मृदू असेल तर दीर्घ: ब्लायबेन – ब्लीब, श्टायगेन – श्टीग, श्वायगेन – श्वीग, शायनेन – शीन. श्नायडेन – श्निट आणि लायडेन – लिट ही दोन या नियमाला फसवतात, त्याचं कारण मजेशीर आहे, पुढे सांगतो. सावध कुठे राहायचं, तर त्साइगेन, राइझेन, हाइराटेन, आर्बाइटेन, माइनेन, वाइनेन हे सगळे 'आय' वाले असून वीक आहेत. त्साइगेन तर रोजच्या वापरातलं आहे, आणि श्टायगेनच्या चालीवर 'त्सीग' असं तोंडातून निघतंच. गेत्साइग्ट हे शंभरदा म्हणा.

दुसरा गट, मूळ रूपात 'आय-ई' म्हणजे दीर्घ ई, पुढे ओ, ओ. फ्लीगेन – फ्लोग – गेफ्लोगेन, बीटेन – बोट – गेबोटेन, फेरलीरेन – फेरलोर – फेरलोरेन, श्लीसेन – श्लोस – गेश्लोसेन, फ्रीरेन, रीखेन, गेनीसेन. इंग्रजीतलं फ्रीज-फ्रोज-फ्रोझन इथलंच. फसवे लोक: लीबेन, श्पीलेन, मीटेन, डीनेन, आणि श्टुडीरेन, टेलेफोनीरेन वगैरे 'ईरेन' ने संपणारा अख्खा कळप, सगळे वीक. आणि लीगेन दिसतं इथलं पण राहतं पाचव्या गटात.

तिसरा गट सगळ्यात गोड, कारण इंग्रजी येणाऱ्या माणसाला तो आधीच येतो. इ, आणि पुढे एन नंतर आणखी एक व्यंजन. चाल इ – आ – उ. झिंगेन – झांग – गेझुंगेन, ट्रिंकेन – ट्रांक – गेट्रुंकेन, फिंडेन – फांड – गेफुंडेन, श्प्रिंगेन, बिंडेन, फेरश्विंडेन, त्स्विंगेन. एम किंवा एन डबल असेल तर शेवटी उ ऐवजी ओ: श्विमेन – श्वाम – गेश्वोमेन, बेगिनेन – बेगान – बेगोनेन, गेविनेन – गेवान – गेवोनेन. याच गटात एक उपगट, ए नंतर एल किंवा आर आणि व्यंजन, तिथे ए – आ – ओ: हेल्फेन – हाल्फ – गेहोल्फेन, श्टेर्बेन – श्टार्ब – गेश्टोर्बेन, वेर्फेन – वार्फ – गेवोर्फेन. फसवा एकच मोठा, ब्रिंगेन, त्याला 'ब्रांग – गेब्रुंगेन' करायचा मोह प्रत्येकाला होतो, जर्मन लहान मुलांनाही.

चौथा आणि पाचवा एकत्र बघा, दोन्हीत ए ने सुरुवात आणि मधे आ, फरक फक्त पार्टिसिपमधे. चौथ्यात ओ: नेमेन – नाम – गेनोमेन, श्टेलेन – श्टाल – गेश्टोलेन, श्प्रेखेन – श्प्राख – गेश्प्रोखेन, ब्रेखेन, ट्रेफेन. पाचव्यात परत ए: गेबेन – गाब – गेगेबेन, लेझेन – लास – गेलेझेन, झेएन – झा – गेझेएन, एसेन – आस – गेगेसेन, फेरगेसेन. धातूत एम, एल, आर यातलं काही असेल तर बहुधा ओ, नसेल तर बहुधा ए. ट्रेटेन – ट्राट – गेट्रेटेन, श्टेखेन – श्टाख – गेश्टोखेन आणि लेझेन असे अपवाद आहेत पण हाताच्या बोटांवर. बिटेन – बाट – गेबेटेन, झिट्सेन – झास – गेझेसेन आणि लीगेन – लाग – गेलेगेन हे तिघं इ घालून आलेले पाचव्याचेच सभासद. कोमेन – काम – गेकोमेन चौथ्यातच ठेवा.

सहावा, आ – उ – आ. फारेन – फूर – गेफारेन, ट्रागेन – ट्रूग – गेट्रागेन, वाशेन, वाक्सेन, श्लागेन, लाडेन.

सातव्यात सुरुवात काहीही, मधे ई, आणि शेवटी परत सुरुवातीचाच स्वर. फालेन – फील – गेफालेन, श्लाफेन – श्लीफ – गेश्लाफेन, लाउफेन – लीफ – गेलाउफेन, रूफेन – रीफ – गेरूफेन, हायसेन – हीस – गेहायसेन, लासेन, हाल्टेन. फांगेन – फिंग – गेफांगेन पण इथेच, गेएन – गिंग – गेगांगेनही इथे चिकटवून टाका.

बघा काय झालं ते: सहाव्या-सातव्यात पार्टिसिपचा स्वर मूळ रूपाचाच असतो, म्हणजे शेवटचा रकाना फुकट. आ वाल्यांत फसवेही आहेत, झागेन, फ्रागेन, लाखेन, माखेन, वार्टेन हे वीक. ट्रागेन स्ट्राँग आणि फ्रागेन वीक, याला तर्क नाही, पाठ करा.

राहता राहिले झाइन, वेर्डेन, टून आणि श्टेएन (श्टांड – गेश्टांडेन), आणि हेबेन – होब – गेहोबेन, ल्युगेन – लोग – गेलोगेन असे थोडे भटके. त्यांना शेवटचं पान द्या. ते फार भरणार नाहीत.

एकच क्रियापद जवळून: नेमेन

स्ट्राँग क्रियापदाची सगळी नाटकं एकाच ठिकाणी बघायची असतील तर नेमेन घ्या, घेणे. इश नेमे, पण डू निम्स्ट, एर निम्ट, म्हणजे वर्तमानकाळात दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषी एकवचनात ए चा इ झाला, शिवाय मूळ स्पेलिंगमधला 'एच' गेला आणि 'एम' डबल झाला. आज्ञा: निम! भूतकाळ नाम, तिथे 'एच' परत आला. पार्टिसिप गेनोमेन, परत गेला, परत डबल एम. 'एच' फक्त खूण आहे, आधीचा स्वर लांब म्हणण्याची, स्वर आखूड झाला की एचचं काम संपलं आणि आखूडपणा दाखवायला व्यंजन डबल. हे एकदा कळलं की अशी स्पेलिंग पाठ करावी लागत नाहीत, कान सांगतो.

इंग्रजीतही हे क्रियापद होतं, जुन्या इंग्रजीत निमान. मग व्हायकिंग लोक आले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'टेक' आलं आणि निमानला हुसकून बसलं. पण त्याचं जुनं पार्टिसिप राहिलं, बधीर या अर्थाचा जो 'नंब' शब्द आहे तो तोच, संवेदना 'घेतली गेलेला'.

वर्तमानकाळातली चोरखूण

नेमे – निम्ट सारखा हा वर्तमानकाळातला स्वरबदल फक्त स्ट्राँगमधेच होतो, म्हणून ओळखायला उपयोगी. ए चा इ किंवा ई: गिब्ट, श्प्रिख्ट, लीस्ट, झीट, हिल्फ्ट. आ चा उमलाउट, म्हणजे अक्षरावर दोन टिंबं आणि उच्चार ए: फेर्ट, ट्रेग्ट, श्लेफ्ट, लॉइफ्ट. आज्ञार्थात पहिला बदल टिकतो, गिब! लीस! निम! पण उमलाउट टिकत नाही, फार! श्लाफ! परीक्षेत हमखास विचारतात. गेएन, श्टेएन, हेबेन, कोमेन, रूफेन या बदलात नसतात. आणि पहिल्या, दुसऱ्या गटाला बदलायला काही नाहीच, तिथे वर्तमानकाळ सरळ.

उलटं वापरा: वाचताना कुठे 'एर वेक्स्ट' दिसलं, म्हणजे मूळ वाक्सेन, म्हणजे स्ट्राँग, आ आहे म्हणजे सहावा किंवा सातवा, पार्टिसिप न बघता गेवाक्सेन. भूतकाळ मात्र शब्दकोशात बघा, वूक्स.

उपसर्ग लागले तरी चाल तीच

यादी फुगते ती उपसर्गांमुळे, आणि इथे सगळ्यात जास्त कष्ट वाचतात. कोमेन आलं की आनकोमेन – आनगेकोमेन, बेकोमेन – बेकाम – बेकोमेन, मिटकोमेन, फोरकोमेन सगळं आलं. श्टेएनवरून फेरश्टेएन – फेरश्टांडेन, आउफश्टेएन – आउफगेश्टांडेन, बेश्टेएन. बे, गे, एर, फेर, एंट, त्सेर हे उपसर्ग लागले की पार्टिसिपमधला 'गे' जातो, सुटणारे उपसर्ग असतील तर 'गे' मधे घुसतो. त्यामुळे वहीत उपसर्गवाली क्रियापदं वेगळी लिहूच नका, मुळाशेजारी बारीक अक्षरात टाका.

अपवाद एक जात आहे, जी क्रियापदं नामावरून बनलीयत ती. बेआउफ्ट्रागेन मधे ट्रागेन दिसतं पण ते आउफ्ट्राग या नामावरून बनलंय, म्हणून बेआउफ्ट्राग्ट. बेआंट्रागेन तसंच, सरकारी फॉर्म भरताना पदोपदी भेटेल.

पडणे-पाडणे माहित आहे? मग हे येतंच

मराठीत पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. आपोआप होणारी क्रिया एक, कुणीतरी करवणारी दुसरी, आणि फरक आतल्या स्वरात. जर्मनमधे अगदी हेच: फालेन पडणे, फेलेन (झाड) पाडणे. झिट्सेन बसणे, झेट्सेन बसवणे. लीगेन पडून असणे, लेगेन आडवं ठेवणे. ट्रिंकेन पिणे, ट्रेंकेन गुरांना पाणी पाजणे. श्प्रिंगेन उडी मारणे, श्प्रेंगेन सुरुंगाने उडवणे. इंग्रजीत सिट-सेट, लाय-ले, राइज-रेज.

हा योगायोग नाही. संस्कृतात पतति – पातयति, त्यातला जो 'अय' आहे तोच प्रत्यय जुन्या जर्मानिकमधे 'यान' होऊन आला, त्यातल्या 'य'ने आधीच्या स्वराला उमलाउट दिला आणि स्वतः गळून पडला.

कामाचा नियम: स्वतः होणारं ते स्ट्राँग, करवणारं ते वीक. झिट्सेन – झास – गेझेसेन पण झेट्सेन – झेट्स्टे – गेझेट्स्ट. लीगेन – गेलेगेन पण लेगेन – गेलेग्ट. काही ठिकाणी मूळ रूप एकच दिसतं आणि मग हाच नियम वाचवतो: चित्र भिंतीवर लटकत होतं तर हिंग, मी ते टांगलं तर गेहेंग्ट. एरश्रेकेनचंही तसंच, मी दचकलो तर एरश्रोकेन, त्याने मला दचकवलं तर एरश्रेक्ट.

मिश्र आणि मोडाल, पटकन

मिश्र म्हणजे ब्रिंगेन, डेंकेन, केनेन – कान्टे – गेकान्ट, नेनेन, रेनेन, ब्रेनेन, आणि अर्धेमुर्धे झेंडेन, वेंडेन. स्वर आ होतो पण शेपूट वीकची. तालात म्हणून टाका, पाच मिनिटांचं काम.

मोडालमधे विचित्र काय, तर एर कान, एर मुस, याला तिसऱ्या पुरुषाचा 'टी' का नाही? इंग्रजीत ही कॅन ला 'एस' का नाही? कारण ही मुळात भूतकाळाचीच रूपं आहेत, अर्थ वर्तमानाचा झाला. इश वाइस – वीर विसेन, मला माहीत आहे – आम्हाला माहीत आहे, हे त्यातलंच, आणि ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांनी आठवावं: विद् धातूचा परोक्ष भूतकाळ, वेद – विद्म. एकवचनात गुण, बहुवचनात नाही. वेद मधला ए मुळात अइ, तोच गॉथिकमधे (जर्मनची एक जुनी, आता लुप्त झालेली नातेवाईक भाषा) वाइट आणि बहुवचन विटुम, तोच आजचा वाइस आणि विसेन. इ चा ए, उ चा ओ, ऋ चा अर्, हा आपला गुण आणि स्ट्राँग क्रियापदांचा पहिला-दुसरा-तिसरा गट हे एकाच जुन्या यंत्राचे भाग आहेत. सातव्या गटात तर द्विरुक्ती सुद्धा होती, चकार, पपात सारखी. गॉथिकमधे हायसेनचा भूतकाळ हैहैट असा होता.

आणि ददर्श – ददृशुः सारखा एकवचन-बहुवचनातला स्वरभेद जर्मनमधे बराच काळ होता, इश झांग पण वीर झुंगेन. पुढे तो सपाट झाला. 'म्हातारे जसे गायचे तशीच पोरं चिवचिवतात' या अर्थाची जी जर्मन म्हण आहे तिच्यात अजून जुनं झुंगेनच आहे, यमक जुळायला हवं ना. इंग्रजीत याचा शेवटचा अवशेष वॉज आणि वेअर.

श्निट मधला टी कुठून आला

श्नायडेन – श्निट, लायडेन – लिट, त्सीएन – त्सोग, आणि वॉज – वेअर, या सगळ्यात स्वराबरोबर व्यंजनही बदलतं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नरने १८७० च्या दशकात हे उकललं, आणि किल्ली मिळाली ती वैदिक स्वराघातात. भ्रातृ शब्दात आघात पहिल्या अक्षरावर, पितृ मधे दुसऱ्यावर, आणि जर्मनमधे ब्रूडरला 'डी' पण फाटरला 'टी'. आघात कुठे होता त्यावर व्यंजन मऊ पडलं की नाही ते ठरलं. क्रियापदात एकवचनी आघात धातूवर, बहुवचनी प्रत्ययावर, म्हणून एकाच क्रियापदात दोन व्यंजनं आली. तुम्हाला यातून एवढंच घ्यायचंय की ही चार-पाच क्रियापदं चुकून बिघडलेली नाहीत, त्यांना एकत्र लिहा.

अनोळखी क्रियापद आलं तर

काहीच माहीत नसेल तर वीक समजा. नवीन येणारं जवळजवळ प्रत्येक क्रियापद वीकच असतं, गूगेल्न – गेगूगेल्ट, इंग्रजीत गूगल्ड. तसं श्रायबेन हे लॅटिनवरून उसनं आलेलं असून स्ट्राँग झालं, इंग्रजीत डिग-डग आणि वेअर-वोअर मूळचे वीक असून पलीकडे गेले, अमेरिकेत स्नीकचं स्नक आपल्या डोळ्यांदेखत झालं, पण असे थोडे. ओघ उलटाच आहे. २००७ साली हार्वर्डच्या संशोधकांनी नेचरमधे हिशोब मांडला होता: जुन्या इंग्रजीतली १७७ इर्रेग्युलर क्रियापदं घेतली तर आज त्यातली ९८ च तशी राहिलीत, आणि शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट लवकर रेग्युलर होतं. म्हणजे जी रोज तोंडात असतात तीच वाकडी राहू शकतात. अभ्यासाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, कारण सुरुवातीच्या पन्नासेक क्रियापदांत स्ट्राँगची गर्दी असते, पुढे पुढे ती विरळ होत जाते.

दुसरा आधार इंग्रजी. ड्राइव्ह – ट्रायबेन, बाइट – बायसेन, गिव्ह – गेबेन, ब्रेक – ब्रेखेन, इंग्रजी बहीण स्ट्राँग असेल तर जर्मनही बहुतेक स्ट्राँग. उलट मात्र धरू नका. हेल्प, स्लीप, वॉश इंग्रजीत वीक झाली पण हेल्फेन, श्लाफेन, वाशेन अजून स्ट्राँग. स्टार्व्ह आणि श्टेर्बेन पण बहिणीच.

आणि काही सध्या वाटेत आहेत. बाकेनचा जुना भूतकाळ बूक, आता लोक बाक्टे म्हणतात, पार्टिसिप मात्र गेबाकेनच. विंकेन नियमाने गेविंक्ट, पण गेवुंकेन सर्रास ऐकू येतं. अशा वेळी परीक्षेत ड्यूडेनचं पहिलं रूप लिहा.

सराव कसा

रोज एक पान, सगळी सात नाही. तिन्ही रूपं मोठ्याने, पाढ्यांच्या चालीत म्हणा, मनात नको. मग त्या पानावरच्या प्रत्येक क्रियापदाचं पार्टिसिपवालं एक खरं वाक्य, आज काय खाल्लं, काय वाचलं, कुठे गेलात. तिथेच हाबेन की झाइन तेही बसतं, फारेन, कोमेन, ब्लायबेन, फालेनला झाइन. आणि प्रत्येक पानाखाली त्या गटाचे फसवे लाल शाईने लिहा, त्साइगेन पहिल्याखाली, श्पीलेन दुसऱ्याखाली, ब्रिंगेन तिसऱ्याखाली. नियम लवकर येतो, चुका या लाल नावांतच होतात.

पुढे डच शिकायचं असेल तर ही वही तशीच चालते, स्ख्रेइवन – स्ख्रेफ – खस्ख्रेवन पहिला गट, तिसऱ्यात मात्र आ च्या जागी ओ, झिंगन – झोंग – खझोंगन. वीकमधे 'टे' लावायचा की 'डे' यासाठी डच मुलं 'ट कोफस्खिप' हा शब्द पाठ करतात, धातू त्यातल्या व्यंजनावर संपला तर 'टे', नाहीतर 'डे'. स्वीडिशमधे स्क्रीवा – स्क्रेव – स्क्रीवित, तिथे 'हा' (इंग्रजीतलं हॅव) या धातूबरोबर स्ट्राँगला 'इत' लागतो. आफ्रिकान्सवाल्यांनी तर स्ट्राँग भूतकाळ जवळपास सगळाच टाकून दिला, ते सरळ 'हेत' लावून 'ग' वालं रूप म्हणतात, फक्त वास आणि कोन, वाउ, मूस अशी मोजकी राहिलीत.